सुट्टीतले उद्योग : गळाला लागलेला शिंगटा

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले चार दिवस मुलांना सहज पुरतात. किल्ला होतो, फराळाचे डबे निम्मे होतात, फटाके संपतात, आणि पाचव्या दिवशी दुपारी कोणत्या तरी खोलीतून "आता काय करू?" हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाला उत्तर देणे हेच या सदराचे काम. यंदाचे उत्तर असे की, मुलांना घेऊन पाण्याकाठी जावे, गळ टाकावा आणि गप्प बसावे.

"गप्प? आणि आमची मुले?" असे काही माता म्हणतील. परंतु माझा अनुभव निराळा आहे. माझी थोरली बहीण बारामतीला असते. भाऊबीज आटोपली की तिची दोन व माझी दोन अशी चार मुले घेऊन मी भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर जातो. घरात पाच मिनिटे एका जागी न टिकणारा माझा भाचा तिथे पाऊण तास एका दोरीच्या टोकाकडे पाहत बसतो. त्याला कोणी दटावत नाही. पाण्याखालचा अदृश्य प्राणीच त्याला शिस्त लावतो.

नवशिक्यांनी कोणत्या माशापासून आरंभ करावा? मी म्हणेन, मिशाळ माशांपासून. इंग्रजांनी ज्याला मांजराचे नाव दिले तो हा कॅटफिश. त्याचे खाणे तळाशी, भूक दांडगी, आणि त्याला चाखण्यासाठी जीभच लागते असे नाही. मिशांवर आणि सगळ्या अंगावर त्याला रुची कळते. गढूळ पाण्यात डोळे कामाचे नाहीत, म्हणून निसर्गाने त्याचे अंगच जिभेसारखे केले आहे. मुलांना एवढे सांगितले तरी त्यांचे निम्मे काम झाले. महागडे चकाकते आमिष इथे लागत नाही, वासाचे लागते, हे ती आपणच ओळखतात.

कोणते मासे

बारामती-इंदापूरकडे या कुळातली चार मंडळी भेटतात. नावे गावागणिक बदलतात, म्हणून मुलांना नावापेक्षा लक्षणे शिकवावीत. शिंगटा हा लांबट, चांदीसारखा, लांब मिशांचा. त्याच्या लहान भाऊबंदांना शिंगटी म्हणतात आणि नवशिक्याच्या गळाला बहुधा तीच लागते. शिवडा हा मोठ्या जबड्याचा आणि तीक्ष्ण दातांचा. त्याच्या तोंडात बोट घालणे म्हणजे अडकित्त्यात घालणे. तिसरा मागूर, चपट्या डोक्याचा आणि काळपट अंगाचा. चौथी शिंगी. ती सडपातळ, वीतभर आणि दिसायला गरीब, पण सगळ्यांत जपावे ते तिलाच. त्याचे कारण पुढे सांगतो.

मागूर आणि शिंगी यांची एक गंमत मुलांना फार आवडते. हे दोघे कल्ल्यांखेरीज हवाही घेतात. शिंगीच्या शरीरात शेपटीच्या दिशेने गेलेल्या दोन हवेच्या नळ्या असतात. म्हणून हे मासे अधूनमधून पाण्यावर येऊन हवेचा घोट घेऊन जातात आणि ओल्या जागी पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतात. पाण्यावर 'बुळुक्' असा आवाज होऊन बुडबुडा उठला की समजावे, खाली कोणीतरी राहते आहे.

माशांचा हा अभ्यास आपल्याकडे आजचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात 'मत्स्यविनोद' असा गळाने मासे धरण्याचा एक भागच आहे. मासे कोणते, त्यांना चारा कोणता, एकाच जागी चारा टाकून त्यांना त्या जागेची सवय कशी लावावी, हे सारे त्यात आले आहे. राजाला जे करमणुकीसाठी करावेसे वाटले ते आपण सुट्टीत केले तर त्यात कमीपणा कसला?

सामान

सामान थोडके असावे. मुलाच्या उंचीच्या दीडपट लांबीची हलकी कळकाची काठी पहिल्या वर्षाला उत्तम. तिला काठीएवढीच नायलॉनची जाड दोरी, जिला कोळी तंगूस म्हणतात, बांधावी. दोरीच्या टोकाला गळ. गळापासून वीतभर वर हरभऱ्याएवढा शिशाचा गोळा. शिसे नसेल तर सायकलचा जुना नट चालतो. आमिष तळाशी टेकले पाहिजे, कारण हा मासा जेवतो तो जमिनीवर मांडी घालून. पाण्यावर तरंगण्यासाठी ज्वारीच्या वाळल्या ताटाचा बोटभर तुकडा बांधावा. तो बुडाला की मुलांच्या छातीत जो ठोका पडतो, तो कोणत्याही पडद्यावरच्या खेळात पडत नाही.

गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करून टाकावा. एखादा मासा त्यामुळे निसटेल, निसटो. परंतु तोच गळ मुलाच्या बोटात गेला तर तितक्याच सहज बाहेर येईल. पाठीमागे कोणी उभे नाही हे पाहिल्याखेरीज काठी फिरवायची नाही, हा पहिला नियम घरच्या अंगणातच गळ न बांधता पाठ करून घ्यावा.

आमिषाला गांडूळ सर्वांत बरे. बागेतल्या ओल्या पालापाचोळ्याखाली ते मिळते आणि ते खणून काढणे हा सकाळचा स्वतंत्र उद्योग होतो. ज्यांना गांडुळाची किळस वाटते त्यांनी कोंबडीच्या काळजाचा लहान तुकडा लावावा. शाकाहारी घरातल्या मुलांनी कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी करावी. शिंगटीला तीही चालते. बसायच्या जागी आधी मूठभर पेंड पाण्यात टाकून ठेवावी, म्हणजे सोमेश्वर राजाचाही मान राहतो.

याशिवाय तीन वस्तू विसरू नयेत : पक्कड, जाड ओले फडके आणि गरम पाण्याचा थर्मास. चहाचा थर्मास वेगळा!

जागा आणि वेळ

आता जागेचे बघू. इथे मी जरा कडक होणार आहे, वाचकांनी रागावू नये. बारामतीहून निघताच नीरा डावा कालवा दिसतो. 1885 सालापासून या मुलखाचे भाग्य वाहून नेणारा तो कालवा. मुले म्हणतात, "मामा, इथेच बसू." मुळीच नाही. वाहत्या कालव्याचे काठ उतरते आणि निसरडे असतात, प्रवाहाला ओढ असते, आणि पडलेल्या मुलाला धरायला काही सापडत नाही. कालव्यावर मुलांना घेऊन मासे धरू नयेत. पाण्याला उग्र वास असेल, रंग काळपट असेल किंवा मेलेले मासे तरंगत असतील, तर ती नदी असो वा ओढा, तिथेही थांबू नये.

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात मोडते. त्यामुळे कालव्यांना पाणी सोडून झाले तरी माशांना घर उरते. दिवाळीच्या सुमारास चांगल्या पावसाच्या वर्षी फुगवट्याचे पाणी शेतांपर्यंत आलेले असते. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी ही सारी त्या काठची इंदापूर तालुक्यातली गावे. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्यात आहे आणि पाणी फार उतरले की ते वर येते, हे मुलांना आवर्जून सांगावे. ज्या पाण्यात आपण गळ टाकतो, त्याखाली कोणाची तरी घरे, शेते आणि विहिरी होत्या.

हे सांगण्यात इतिहासाइतकीच सावधगिरी आहे. काठाजवळ उथळ वाटणाऱ्या पाण्याखाली जुनी विहीर, बांध किंवा बाभळीचे काटेरी खोड असू शकते. काठची काळी माती पाय गिळते. म्हणून मुरमाड, सपाट, झाडाची सावली असलेला काठ निवडावा आणि मुलांना पाण्यापासून दोन पावले मागे बसवावे. घोट्याच्या वर पाणी नको. गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून मासा आणण्याचे काम मोठ्यांचे. दोन मुलांमागे एक मोठे माणूस, आणि त्या माणसाच्या हातात स्वतःची काठी नसावी.

या काठावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी ओळीने बसवलेल्या असतात. त्यांच्या वायरी कधी जमिनीवरून तर कधी पाण्यातून जातात आणि वर विजेच्या तारा असतात. मोटार दिसली की तिथून चांगले लांब बसावे. ओली काठी आणि विजेची तार यांची गाठ पडता कामा नये.

होडीविषयी एकच सांगतो. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान जोराच्या वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. पाणी रोजचे, वाट रोजची, पण वारा आला तो रोजचा नव्हता. मासे धरण्यासाठी मुलांना होडीत नेऊ नका. केवळ पक्षी पाहायला नेत असाल तर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज होडी सुटू देऊ नका, आणि आभाळ भरले असेल तर उद्या जा.

आणखी एक शिष्टाचार. या पाण्यावर मच्छीमारांची चूल पेटते. आपण हौशी, ते पोटासाठी. काठावर गेल्यावर "इथे मुलांना गळ टाकू देऊ का?" असे आधी विचारावे. परवानगीचा नियम काय आहे, जाळी कुठे लावली आहेत, पाणी कुठे खोल आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परत येताना भिगवणच्या बाजारातून चार मासे त्यांच्याकडून विकत घ्यावेत. मुलांची टोपली रिकामी असली तरी घरी जेवण होते आणि विचारणेही गोड वाटते.

वेळ म्हणाल तर हा मासा रात्रीचा. परंतु अंधार पडल्यावर मुलांना काठावर ठेवणे नाही. सूर्यास्तापूर्वीचा दीड तास पुरेसा आहे. दिवाळीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेचारला बसावे आणि सूर्य टेकला की सामान आवरावे. थंडी वाढली की माशांची भूक मंदावते, म्हणून दिवाळीची सुट्टी नाताळच्या सुट्टीपेक्षा बरी. नाताळात मात्र तिथे दूरदेशीचे पक्षी पाहायला मिळतात. ज्याचा त्याचा हंगाम.

गळाला लागल्यावर

मिशाळ माशाचे कान उत्तम असतात. काठावर धावणारे पाऊल त्याला पाण्यातून कळते. "हळू बोला" म्हणण्यापेक्षा "तो ऐकतोय" असे म्हणून पाहा, लगेच गुण येतो.

तरंगता तुकडा थरथरला की मुले झटका देतात. तसे करू देऊ नये. मासा आधी आमिष मिशांनी चाचपतो. तुकडा सरळ बुडाला आणि दोरी ताठ चालू लागली म्हणजे मनात एक, दोन, तीन मोजावेत आणि मग काठी शांतपणे उचलावी. माझी धाकटी मुलगी पहिल्या दिवशी मोठ्याने "एक... दोन..." मोजत होती आणि काठावरची सारी माणसे तिच्याबरोबर मोजू लागली. तीनला शिंगटी वर आली! वीतभरच, पण तिने ती सगळ्या नात्यागोत्यात हातभर लांबीची करून सांगितली. कोळ्याचा धंदा तिने त्या दिवशी पुरता आत्मसात केला असे म्हणायला हरकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम : काठी मुलाने धरावी, मासा मोठ्याने धरावा. याला अपवाद नाही. शिंगटीला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक. मासा घाबरला की ते ताठ होऊन जागी अडकून बसतात. शिंगीच्या बाजूच्या काट्यांना तर विष असते. विंचू चावल्यासारखी कळ येते आणि हात सुजतो. हा मासा आकाराने लहान, म्हणून मुले नेमका त्यालाच उचलायला जातात. तेव्हा मासा वर आला की मुलांनी दोन पावले मागे सरायचे. मोठ्याने ओल्या जाड फडक्यात मासा धरून पकडीने गळ काढायचा. गळ पोटात गेला असेल तर ओढाताण करू नये, दोरी तोंडाजवळ कापून टाकावी.

एवढे करूनही काटा लागलाच तर थर्मास उघडावा. जखम धुऊन तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा. उष्णतेने या विषाचा जोर कमी होतो आणि कळ उतरते. पाणी किती गरम आहे ते मोठ्याने आपल्या हाताने आधी पाहावे. दुखऱ्या बोटाला अंदाज राहत नाही आणि विंचवाचे दुखणे भाजण्यावर जाते. नंतर डॉक्टरांना दाखवावे. काट्याचा तुकडा आत राहिला आहे का, धनुर्वाताची सुई हवी का, हे त्यांनी ठरवायचे. सूज वर चढू लागली, चक्कर आली किंवा श्वास जड झाला तर गरम पाण्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.

सोडायचा की न्यायचा

मासा बादलीत पडला की मुलांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, "घरी नेऊ." दुसरा म्हणतो, "त्याला दुखत असेल, सोडू या." या वादात मोठ्यांनी फार बोलू नये, पण माहिती द्यावी. आपला गावठी मागूर आज धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. शिवडाही पूर्वीसारखा राहिला नाही. हे दोघे आणि कोणतेही लहान पिल्लू हात ओले करून, फडक्यातूनच, अलगद पाण्यात सोडावे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तेच त्याचे चिलखत. पावसाळा हा या माशांचा विणीचा काळ, तेव्हा गळ खुंटीलाच टांगलेला बरा.

याउलट आहे तो आफ्रिकेतून आलेला मांगूर. तो चांगला हातभराहून मोठा होतो, अंगावर संगमरवरासारखे डाग असतात, आणि इतर माशांची पिल्ले फस्त करतो. त्याच्या पालनाला 2000 साली बंदी झाली आणि 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा ठासून सांगितली. तरी चोरून पाळलेली तळी उजनीच्या काठीही सापडली आणि नष्ट करावी लागली. असा मासा गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नये, काठच्या जाणत्या मच्छीमाराच्या हवाली करावा. पाण्याबाहेर तो बराच वेळ जगतो, म्हणून मुलांना तो बादलीतून नेऊन मामाच्या विहिरीत सोडण्याचा मोह होतो. तो मोह तिथेच मोडावा. एका बादलीने एका विहिरीचा आणि मग पुराच्या पाण्याने एका ओढ्याचा घात होतो.

शिंगटा घरी नेलात तर त्याची एक सोय आहे. त्याला खवले नाहीत आणि मांसात बारीक काटे नाहीत. लहान मुलांना भरवायला म्हणून तो बरा. आधी कात्रीने तिन्ही काटे कापावेत. मग मीठ आणि हळद चोळून बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवावा. लसूण, तिखट, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावा, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळावा. ज्वारीची गरम भाकरी आणि कांदा असला की दिवाळीच्या गोडाने कंटाळलेली जीभ ताळ्यावर येते.

जेवताना मुलांना एक हिशेब घालावा. पुण्यातल्या मोऱ्यांचे पाणी मुळा-मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि भीमा उजनीत येते. उजनीच्या पाण्याचे दुखणे पुष्कळसे वरच्या शहरांतून आलेले आहे. माझ्या भाच्याने हे ऐकून बराच वेळ ताटाकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे मामा, आपल्या मोरीतलं पाणी या माशानं प्यालं?" मी म्हटले, "होय." त्यानंतर घरी रंगाचे उरलेले डबे मोरीत ओतायला निघालेल्या त्याच्या वडिलांना त्याने जे सुनावले, ते ऐकून माझी बहीण आजही हसते.

सुट्टी संपायला अजून आठ दिवस आहेत. कळक आज कापून सावलीत वाळत घातलात तर रविवारपर्यंत काठी तयार होईल. मुलांना पोहता येत नसेल तर पुण्यात परतल्यावर आधी तरणतलावात नाव घाला, आणि गळ पुढच्या वर्षी अधिक निश्चिंतपणे टाका. सर्व वाचकांना व त्यांच्या बालगोपाळांना दिवाळीच्या शुभेच्छा!